पन्नास फेऱ्यांचा हिशेब

पिठाच्या गिरणीतल्या मोटारीवर पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावरचं पीठ पुसलं की आकडे वाचता येतात: १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४.२ अँपिअर, डेल्टा जोडणी, मिनिटाला १४५० फेऱ्या. गिरणीवाला यातली अश्वशक्ती बघतो, वायरमन अँपिअर बघतो, बिल भरणारा बहुधा काहीच बघत नाही. गणित करणाऱ्यानं आधी शेवटचा आकडा बघावा. मोटारीच्या पोटात काय चाललंय हे १४५० या एका आकड्यावरून जितकं कळतं, तितकं बाकीच्या सगळ्या पट्टीवरून कळत नाही.

डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत इंडक्शन मोटारीच्या धड्याशेवटी अवघड उदाहरणांची रांग लागलेली असते. विद्यार्थी प्रत्येक प्रकारासाठी वेगळं सूत्र पाठ करतात: सुरुवातीच्या टॉर्कचं एक, कमाल टॉर्कचं दुसरं, कार्यक्षमतेचं तिसरं. मग परीक्षेत व्होल्टेज थोडं कमी दिलं किंवा रोटरला रोध जोडायला सांगितला, की पाठांतर कोसळतं. माझं मत असं, की या रांगेतली बहुतेक सगळी उदाहरणं एकाच उदाहरणाची रूपं आहेत. म्हणून या प्रकरणात एकच मोटार घेऊ आणि तिला निरनिराळ्या अडचणींत टाकून बघू. वरची पट्टी मी या प्रकरणासाठी रचली आहे, पण आकडे बाजारातल्या १० अश्वशक्तीच्या मोटारीला शोभतील असेच आहेत.

आता १४५०. स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये तीन फेजचा प्रवाह गेला की आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागतं. इटलीतल्या तुरीनमध्ये गॅलिलेओ फेरारिसनं असं फिरतं क्षेत्र १८८५ मध्ये तयार केलं. निकोला टेस्लाला अमेरिकेत त्याची पेटंटं १८८८ मध्ये मिळाली. आज पंपांत आणि गिरण्यांत दिसणारी तीन फेजची पिंजरा-रोटर मोटार मात्र बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्कीची, १८८९ ची. फिरत्या क्षेत्राचा वेग ठरवणाऱ्या गोष्टी दोनच, वारंवारता आणि ध्रुवांची संख्या. १२० ला वारंवारतेनं गुणायचं आणि ध्रुवांच्या संख्येनं भागायचं. आपल्या ५० हर्ट्झला दोन ध्रुवांवर ३०००, चारांवर १५००, सहांवर १००० फेऱ्या येतात. मधलं काही येतच नाही. पट्टीवर १४५० आहे याचा अर्थ ध्रुव चार आणि क्षेत्राचा वेग १५००. ध्रुवांची संख्या उदाहरणात दिलेली नसली तरी अडत नाही.

रोटर १५०० नं का फिरत नाही? कारण क्षेत्राइतक्याच वेगानं तो फिरला, तर त्याच्या सळयांना क्षेत्र जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटेल. मग त्यांत व्होल्टेज निर्माण होणार नाही, प्रवाह वाहणार नाही आणि टॉर्कही मिळणार नाही. मागे राहणं ही या यंत्राची खोड नव्हे, तीच त्याची पोटापाण्याची व्यवस्था आहे. आपल्या मोटारीचा रोटर मिनिटाला ५० फेऱ्यांनी मागे आहे. ५० भागिले १५०० म्हणजे एक तीसांश, ३.३३ टक्के. हीच स्लिप. रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झच्या एक तीसांश, म्हणजे १.६७ हर्ट्झ.

स्लिप मिळाली की पुढची पायरी म्हणजे वाटणी, आणि हा या धड्याचा कणा आहे. स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये हवेची एक अरुंद फट असते. तिच्यातून जेवढी शक्ती रोटरकडे जाते तिचे दोनच भाग पडतात. स्लिपइतका हिस्सा रोटरच्या सळयांत उष्णता होतो, उरलेला यांत्रिक शक्ती होतो. आपल्या मोटारीत फट ओलांडणाऱ्या ३० वॅटपैकी १ वॅट रोटर गरम करतो आणि २९ वॅट दांडा फिरवतात. या वाटणीत सूट नाही. रोटर तांब्याचा असो की अॅल्युमिनियमचा, व्होल्टेज पूर्ण असो की अर्धं, तिचं प्रमाण फक्त स्लिप ठरवते. स्लिप वाढवून वेग कमी करायचा म्हणजे शक्ती उष्णतेत घालवायची, हे या एका वाक्यातूनच निघतं. निम्म्या वेगावर फटीतून आलेल्या शक्तीतली निम्मी रोटरमध्ये जळते.

फटीतून किती शक्ती गेली हे काढायला मोटारीच्या जागी एक विद्युत मंडल कल्पावं लागतं. चार्ल्स स्टाइनमेट्झनं १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत प्रत्यावर्ती प्रवाहाच्या गणितात संमिश्र संख्या आणल्या, तेव्हापासून हे काम साध्या गुणाकार-भागाकारावर आलं. आपल्या मोटारीचे प्रत्येक फेजचे आकडे असे धरू: स्टेटरचा रोध ०.७ ओहम, स्टेटरचा रिअॅक्टन्स १.२, रोटरचा रोध स्टेटरच्या बाजूनं मोजलेला ०.६, रोटरचा रिअॅक्टन्स १.२ आणि चुंबकत्व राखणाऱ्या शाखेचा रिअॅक्टन्स ३५ ओहम. लोखंड, बेअरिंग आणि पंखा मिळून ४०० वॅट खातात.

इथे एक खड्डा आहे. जोडणी डेल्टा आहे, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण ४१५ व्होल्ट मिळतात. पण गणित करताना तिच्या जागी समतुल्य स्टार धरणं सोयीचं, आणि वरचे ओहम त्या स्टारचेच आहेत. म्हणून फेजचं व्होल्टेज ४१५ भागिले √३, म्हणजे २३९.६. ओहम स्टारचे आणि व्होल्ट डेल्टाचे अशी भेसळ झाली की प्रवाह √३ पट येतो आणि शक्ती तिप्पट. उत्तरात २५ अँपिअर आले की पट्टीवरच्या १४.२ कडे बघावं. चूक तिथेच सापडते.

आता रोटरचा ०.६ ओहम स्लिपनं भागू. ०.६ ला एक तीसांशनं भागलं की १८ ओहम. या १८ ओहमच्या पोटातच वर सांगितलेली वाटणी लपलेली आहे: ०.६ ओहम खऱ्या उष्णतेचे, उरलेले १७.४ ओहम दांड्यावरच्या कामाचे. या १८ आणि १.२ च्या जोडीला समांतर ३५ ओहमची शाखा धरली, तर मिळून १३.४९ ओहम रोध आणि ७.८७ ओहम रिअॅक्टन्स होतो. त्यात स्टेटरचे आकडे मिळवले की १४.१९ आणि ९.०७. एकूण अवरोध १६.८४ ओहम. २३९.६ ला त्यानं भागलं की प्रवाह १४.२३ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८४. पट्टी खरी बोलते.

पुढचं नुसतं जमाखर्चाचं काम. मोटारीत शिरलेली शक्ती ८६१८ वॅट. स्टेटरच्या तांब्यात ४२५ वॅट गेले. फटीतून ८१९३ गेले. त्यातला तिसावा भाग, २७३ वॅट, रोटरनं खाल्ला. उरले ७९२०. त्यातून ४०० वजा केले की दांड्यावर ७५२० वॅट, म्हणजे जवळपास ७.५ किलोवॅट. कार्यक्षमता ८७.३ टक्के. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत याच मापाच्या चार ध्रुवी मोटारीला आयई-२ साठी ८८.७ आणि आयई-३ साठी ९०.४ टक्के लागतात, तेव्हा आपली मोटार जुन्या पिढीची आहे. टॉर्क काढताना एक गोष्ट सांभाळायची. फटीतल्या शक्तीला क्षेत्राच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला १५७.१ रेडियननं भागलं, की विद्युत टॉर्क ५२.२ न्यूटन-मीटर येतो. दांड्यावरच्या शक्तीला रोटरच्या खऱ्या वेगानं भागलं की ४९.५. दोन्ही बरोबर आहेत. मधला फरक बेअरिंग, पंखा आणि लोखंड यांचा. पेपरात ‘टॉर्क काढा’ इतकंच लिहिणारा परीक्षक अर्धवट प्रश्न विचारतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवर मोटार सुखात होती. आता तिला संध्याकाळच्या गावात नेऊ. लाईनच्या शेवटच्या टोकाला गिरणी आहे, सगळ्यांचे पंप चालू आहेत, आणि ४१५ च्या जागी ३३२ व्होल्ट, म्हणजे ८० टक्के मिळताहेत. दगड तेच, ज्वारी तीच, म्हणून लागणारा टॉर्क साधारण तेवढाच, ५२.२. मोटारीचं काय होईल?

टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ८० टक्क्यांचा वर्ग ६४ टक्के. म्हणजे त्याच स्लिपला मोटार ६४ टक्केच टॉर्क देते, आणि दगडांना तर पूर्ण हवा. तेव्हा रोटर आणखी मागे सरकतो, इतका की वाढलेल्या प्रवाहानं तूट भरून निघेल. गणितात हे एका वर्गसमीकरणाच्या रूपानं येतं. स्टेटर आणि चुंबकत्वाची शाखा यांच्या जागी थेव्हेनिनच्या रीतीनं एक समतुल्य उगम धरायचा. पूर्ण व्होल्टेजला तो २३१.६ व्होल्टचा, रोध ०.६५४ आणि रिअॅक्टन्स १.१७३ ओहमचा येतो. व्होल्टेज ८० टक्के झालं की उगमही ८० टक्के. मग टॉर्क ५२.२ धरून रोटरचा रोध भागिले स्लिप ही राशी अज्ञात मानायची. समीकरण सोडवलं की तिची दोन उत्तरं येतात, १०.७ आणि ०.५७. पहिल्यावरून स्लिप ५.६ टक्के. दुसऱ्यावरून १०६ टक्के, म्हणजे रोटर उलटा फिरतोय! ते उत्तर गणिताच्या दृष्टीनं निर्दोष आहे, पण आपली गिरणी तिथे कधीच जाणार नाही. वर्गसमीकरणाचं कोणतं उत्तर ठेवायचं हे समीकरण सांगत नाही, मोटार सांगते.

वेग आता १४१६. गिरणीवाल्याच्या कानाला हा ३४ फेऱ्यांचा फरक कळणारही नाही. पण आत बघा. प्रवाह १४.२ वरून १७.२ झाला. स्टेटरच्या तांब्यातली उष्णता ४२५ वरून ६२४ वॅट, रोटरमधली २७३ वरून ४६० वॅट. तांब्या-अॅल्युमिनियमची एकूण उष्णता ६९८ वरून १०८३ वर गेली, म्हणजे ५५ टक्के वाढ, आणि ती बाहेर फेकणारा पंखा उलट किंचित मंदावलेला. ‘व्होल्टेज कमी आहे, मोटारीवर ताण कमी पडेल’ हा समज किती महाग पडतो ते या आकड्यांत दिसतं. अजून एक गंमत. पॉवर फॅक्टर मात्र सुधारतो, ०.८४ चा ०.८९ होतो. चुंबकत्वासाठी ओढला जाणारा प्रवाह व्होल्टेजबरोबर घटतो म्हणून. पॉवर फॅक्टर सुधारला म्हणजे मोटार बरी चाललीय असं समजू नये.

सुरू होण्याच्या क्षणी स्लिप १ असते, आणि त्या क्षणाचं उदाहरण खरं तर सगळ्यात सोपं, कारण काहीच शोधायचं नसतं. १८ ओहमच्या जागी ०.६ ठेवा. प्रवाह ८९ अँपिअर येतो, पूर्ण भाराच्या सव्वासहा पट. टॉर्क मात्र ८५ न्यूटन-मीटर, दीडपटीहून थोडाच जास्त. इतका प्रवाह आणि एवढासा टॉर्क का? त्या क्षणी पॉवर फॅक्टर ०.४७ आहे, प्रवाहाचा मोठा भाग चुंबकत्वाच्या ये-जा करणाऱ्या हिशेबात अडकलेला असतो. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की लाईनचा प्रवाह एक तृतीयांश, ३० अँपिअर होतो, पण टॉर्कही एक तृतीयांश, २८ वर येतो. त्यात संध्याकाळचे ८० टक्के व्होल्ट धरले तर २८ चे ६४ टक्के, १८ न्यूटन-मीटर. भरल्या दगडांना ५२ लागतात. म्हणून अनुभवी गिरणीवाला दगड मोकळे ठेवून मोटार चालू करतो, हँडल डेल्टावर टाकतो, वेग धरू देतो आणि मगच दाणे सोडतो. त्यानं थेव्हेनिनचं नाव ऐकलेलं नसतं, पण त्याचं उत्तर बरोबर असतं.

कमाल टॉर्कचं उदाहरण आलं की बरेच जण एक जवळची वाट पकडतात: स्टेटरचा रोध सोडून देतात. ही वाट कुठे चालते आणि कुठे बुडवते ते आपल्या मोटारीवर तपासू. पूर्ण भाराजवळ रोध सोडला तर टॉर्क ५२.२ ऐवजी ५५.९ येतो, ७ टक्के चूक. चालवून घेता येईल. कमाल टॉर्क मात्र खरा १६४ न्यूटन-मीटर आहे, आणि रोध सोडल्यावर २१६ येतो. ३१ टक्के चूक! कारण उघड आहे. भाराजवळ १८ ओहमपुढे ०.६५ किरकोळ असतो. कमाल टॉर्कला, म्हणजे २४.४ टक्के स्लिपला, ते १८ घटून २.४६ झालेले असतात, तिथे ०.६५ किरकोळ राहत नाही. मोठ्या मोटारींत स्टेटरचा रोध तुलनेनं लहान असतो, तिथे ही सूट फारशी महाग पडत नाही. लहान मोटारींत पडते. पाठ्यपुस्तकांतलं कमाल टॉर्कचं क्लॉसचं सुटसुटीत सूत्रही याच सवलतीवर उभं आहे. ते वापरावं, पण कशाच्या जोरावर ते उभं आहे हे विसरू नये.

कमाल टॉर्कच्या सूत्रातून निघणारी एक गोष्ट मला या धड्यातली सर्वांत सुंदर वाटते. कमाल टॉर्क किती, हे रोटरच्या रोधावर अवलंबून नाही. तो कुठल्या वेगाला मिळेल, हे मात्र रोधावरच अवलंबून आहे. म्हणजे रोटरचा रोध वाढवला तर १६४ न्यूटन-मीटर तसेच राहतात, फक्त कमी वेगाकडे सरकतात. ते अगदी सुरुवातीलाच हवे असतील तर रोटरचा एकूण रोध २.४६ ओहम करावा लागेल, म्हणजे १.८६ ओहम बाहेरून जोडावे लागतील. पिंजऱ्यात काही जोडता येत नाही, त्यासाठी स्लिप-रिंगची मोटार लागते, क्रेनवर असते तशी. हा रोध जोडल्यावर सुरुवातीचा रोटरचा प्रवाह ८६ वरून ५९ अँपिअर होतो आणि टॉर्क ८५ वरून १६४. प्रवाह घटला आणि टॉर्क जवळपास दुप्पट झाला! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही हातचलाखी वाटते. वाटणीचा नियम आठवा. सुरुवातीला स्लिप १ असल्यानं फटीतून आलेली सगळीच शक्ती रोटरच्या रोधात जळते, आणि टॉर्क त्या जळणाऱ्या शक्तीच्याच प्रमाणात असतो. जास्त टॉर्क हवा तर जास्त जाळा, एवढाच त्याचा अर्थ. आणि बहुतेक जळण मोटारीच्या पोटात नाही, बाहेरच्या पेटीत होतं, ही स्लिप-रिंगची खरी कमाई.

मोटारीचे ०.७, १.२, ०.६ हे आकडे येतात कुठून, असा प्रश्न एव्हाना पडला असेल. ०.७ हा स्टेटरचा रोध थेट मोजतात, बाकीचे दोन चाचण्यांतून येतात. एकीत मोटार रिकामी पळवतात. आपली मोटार रिकामी असताना ६.६ अँपिअर घेईल, पूर्ण भाराच्या जवळपास निम्मे. काहीच काम न करता इतका प्रवाह बघून नवखा वायरमन मोटार बिघडली म्हणतो. पण पॉवर फॅक्टर तेव्हा जेमतेम ०.१ असतो आणि खरी शक्ती ४९२ वॅटच लागते. दुसऱ्या चाचणीत रोटर घट्ट धरून ठेवतात आणि व्होल्टेज हळूहळू चढवतात. पूर्ण भाराचा प्रवाह वाहू लागतो तेव्हा आपल्या मोटारीला ६६ व्होल्टच पुरतील आणि शक्ती ७६० वॅटच्या आसपास असेल. त्यावरून रोध १.२६ ओहम निघतो. त्यातून स्टेटरचे ०.७ वजा केले की ०.५६ उरतात, आणि अनेक पुस्तकं इथेच थांबून यालाच रोटरचा रोध म्हणतात. खरा तर ०.६ आहे. चुंबकत्वाच्या समांतर शाखेमुळे तो कमी दिसतो. ३६.२ भागिले ३५ याच्या वर्गानं ०.५६ ला गुणलं की ०.६ परत मिळतो. ७ टक्क्यांची ही चूक पुढे स्लिपमध्ये जशीच्या तशी उतरते. याच दोन चाचण्यांच्या आकड्यांवरून वर्तुळ काढून सगळी कामगिरी फूटपट्टीनं मोजायची रीत अलेक्झांडर हेलँडनं १८९४ मध्ये दिली. कॅलक्युलेटर नव्हते त्या काळी ती वरदान होती. आजच्या अभ्यासक्रमात तिच्यावर इतका वेळ का घालवतात हे मला उमगत नाही, पण ते वर्तुळ एकदा तरी हातानं काढावं, कारण मोटार कुठवर ओढेल आणि कुठे थांबेल हे त्यात एका नजरेत दिसतं.

व्हीएफडीचं, म्हणजे वारंवारता बदलून मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचं, उदाहरण मात्र चुटकीसरशी सुटतं. व्होल्टेज आणि वारंवारता एकाच प्रमाणात कमी केली, तर चुंबकत्व तेवढंच राहतं आणि तेवढ्याच टॉर्कला रोटर तेवढ्याच फेऱ्यांनी मागे पडतो. २५ हर्ट्झला क्षेत्राचा वेग ७५०, रोटर ५० नं मागे, म्हणून ७००. फार कमी वारंवारतेला स्टेटरचा रोध आडवा येतो आणि हा हिशेब बिघडतो, पण २५ हर्ट्झला तो पुरेसा आहे.

आता शेवटची अडचण. परीक्षेत ती क्वचितच विचारतात, पण मोटारी जाळण्याच्या कामात ती पुढे असते. गिरणीत मल्टिमीटर लावला आणि तीन जोड्यांमध्ये ४३०, ४१५ आणि ४०० व्होल्ट मिळाले. सरासरी ४१५. आपल्याकडच्या वीज नियमांत लघुदाबाला ६ टक्के वर-खाली मान्य होतं, त्या मापानं तिन्ही आकडे सुटे सुटे निर्दोष आहेत. पण ते एकमेकांसारखे नाहीत, आणि मोटारीला तेच झोंबतं.

असमान व्होल्टेजचं गणित करायची रीत अशी. त्याचे दोन समतोल गट पाडायचे. एक गट क्षेत्राला सुलट फिरवतो, दुसरा उलट. आपल्या आकड्यांत उलट गट ४.२ टक्के येतो, म्हणजे फेजला अवघे १० व्होल्ट. २४० पुढे १० कसले, असं वाटेल. पण रोटर सुलट १४५० नं पळतोय आणि हे दुसरं क्षेत्र उलट १५०० नं. त्या क्षेत्राच्या दृष्टीनं रोटरची स्लिप ३.३३ टक्के नाही, जवळपास २०० टक्के आहे: २ वजा एक तीसांश, म्हणजे १.९७. आता ०.६ ला १.९७ नं भागा. १८ ओहमच्या जागी ०.३ ओहम उरले. सुलट गटाला मोटार १६.८ ओहमचा अडथळा घालते, उलट गटाला अवघा २.५६ ओहमचा. १० व्होल्ट भागिले २.५६ म्हणजे ३.९ अँपिअर, पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या २७ टक्के. व्होल्टेजमध्ये ४ टक्के बिघाड, प्रवाहात २७ टक्के. सुलट आणि उलट प्रवाह एखाद्या तारेत एकाच दिशेनं जुळले तर तिथे १८ अँपिअरपर्यंत जातील आणि तिथली उष्णता ६० टक्क्यांहून जास्त वाढेल. रोटरच्या सळयांत ९८ हर्ट्झचा जादा प्रवाह वाहील तो वेगळाच. इतक्या वारंवारतेला प्रवाह सळईच्या कडेला गोळा होतो, त्यामुळे रोध वाढतो आणि उष्णता आपल्या हिशेबापेक्षाही जास्त निघते.

एवढं होऊन बाहेर काय दिसतं? उलट क्षेत्राचा विरोधी टॉर्क काढला तर तो ०.१ न्यूटन-मीटरही भरत नाही. वेग बदलत नाही, पीठ नेहमीसारखं पडत राहतं. काही आठवड्यांनी एका फेजचं वाइंडिंग काळं पडतं, आणि दोष वाइंडिंग करणाऱ्याच्या माथी जातो. अमेरिकेच्या नेमा मानकात १ टक्क्याहून जास्त असमतोल असेल तर मोटारीवरचा भार कमी करायला सांगितलं आहे, आणि ५ टक्क्यांच्या वर ती चालवूच नये असा सल्ला आहे. सरासरीपासून सर्वांत दूर असलेला आकडा घ्यायचा, त्या अंतराला सरासरीनं भागायचं, हे त्यांचं माप. आपल्या गिरणीत ते १५ भागिले ४१५, म्हणजे ३.६ टक्के.

म्हणून मोटार दुसऱ्यांदा जळली, तर ती वाइंडिंगच्या दुकानात टाकण्याआधी जाणत्या वायरमनकडून तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज मोजून घ्या, आणि तेही भर संध्याकाळी, आजूबाजूचे पंप चालू असताना. ३.६ टक्के निघाले तर पुन्हा वाइंडिंग करून उपयोग नाही, आधी लाईन दुरुस्त करून घ्यावी लागेल.